झिजण्याआधीच म्हातारे होणारे टायर : जुन्या एस-क्लासला कोणते घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 1989 ची मर्सिडीज 300 एसई, म्हणजे एस-क्लासची डब्ल्यू126 ही पिढी, वडिलांनी हौसेने सेकंडहँड घेतलेली आणि आता तुमच्याकडे आलेली. वर्षाला जेमतेम दीड-दोन हजार किलोमीटर फिरते. लग्नसराई, दसरा-दिवाळी, एखादी पुणे-कोल्हापूर फेरी. टायर 2017 मध्ये टाकलेले, नक्षी अजून ऐंशी टक्के शिल्लक. गेल्या पावसाळ्यात सिग्नलला ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकत गेली, तेव्हा टायरची आठवण झाली. टायरवाला म्हणतो इनोव्हाचे घाला. मुलगा म्हणतो सतरा इंची अलॉय घालू. मित्र म्हणतो युरोपातून क्लासिक गाड्यांचे खास टायर मागव, बाकी सगळं पाप आहे. तर ऐकायचं कुणाचं?

तिघांत टायरवाला सगळ्यात जवळ आलाय, पण त्याचं कारण चुकीचं आहे. मी जवळजवळ तीस वर्षं जुन्या मर्सिडीजच्या खाली झोपून काढली. टायरबद्दल एकच गोष्ट मी प्रत्येक मालकाला सांगतो : तुमचा टायर झिजून संपणार नाही, तो वयाने मरणार आहे. एकदा हे डोक्यात बसलं की साइज, ब्रँड, किंमत हे बाकीचे प्रश्न आपोआप सुटायला लागतात.

आधी एक काम करा. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'डीओटी' अशी अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. बऱ्याचदा ते टायरच्या आतल्या बाजूला येतात, तेव्हा चटई टाकून गाडीखाली डोकं घालावं लागेल. 2316 असं लिहिलं असेल तर टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे जूनमधला. तुम्ही तो 2017 मध्ये 'नवा' म्हणून घेतलात तेव्हा तो दुकानात वर्षभर पडून होता. तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा. हसू नका, मी असे टायर स्टेपनीत दरवर्षी बघतो. पाचही टायरांचे आकडे लिहून घ्या. पाचही, कारण चार एका वर्षाचे आणि पाचवा भलत्याच वर्षाचा निघतो.

आता नक्षीच्या खाचेत नख घाला आणि टायर दोन्ही बाजूंनी जरा दाबा. खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसतील. तशाच चिरा रिमच्या कडेला, जिथे टायर रिमला चिकटतो तिथेही असतात. रबरात मुरवलेली तेलं आणि मेणं वर्षानुवर्षं बाहेर येत राहतात. त्यातलं मेण पृष्ठभागावर पातळ थर धरून ओझोनपासून रबर वाचवतं. पण हे मेण वर यायला टायर फिरावा लागतो, लवावा लागतो. रोज पळणाऱ्या टॅक्सीचा टायर म्हणूनच चिरत नाही आणि तुमचा, झाकण घालून पार्किंगमध्ये जपलेला, चिरतो. जपल्यामुळे खराब होणाऱ्या थोड्या वस्तूंपैकी ही एक.

माझ्याकडे रबराचा कडकपणा मोजायचा एक छोटा मीटर आहे, घड्याळासारखी तबकडी आणि खाली एक बोथट सुई. ताजा, आरामासाठी बनवलेला टायर त्यावर साधारण पासष्टच्या आसपास दाखवतो. तुमच्यासारख्या कमी फिरणाऱ्या गाड्यांचे आठ-नऊ वर्षांचे टायर पंचाहत्तर, कधी ऐंशीसुद्धा दाखवतात. नक्षी ऐंशी टक्के आणि कडकपणाही ऐंशी! कोरड्या रस्त्यावर हे कळत नाही. पहिल्या पावसाच्या चिकट पाण्यात, सिग्नलला, ताशी तीसच्या वेगात कळतं. तुमची गाडी सरकली ती त्यामुळे. ब्रेकचा दोष नाही. तरी पॅड आणि ब्रेक-ऑइल बघून घ्या, ते वेगळं.

कायद्याने मोटारीच्या टायरला किमान 1.6 मिमी नक्षी लागते. तुमच्या टायरला त्याच्या तिप्पट-चौपट असेल. आरटीओच्या लेखी तुमचे टायर ठणठणीत आहेत आणि पंक्चरवाल्याच्याही. मर्सिडीज स्वतः मात्र आपल्या मॅन्युअलमध्ये नक्षी कितीही असो, सहा वर्षांनी टायर बदला असं सांगते. मिशेलिन म्हणते पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासा आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी काहीही झालं तरी काढा. माझा नियम या दोहोंच्या मधला : शहरातल्या शहरात चालणाऱ्या गाडीला सात वर्षं, एक्सप्रेसवेवर जाणार असाल तर सहा. सिमेंटच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी तासभर शंभरने गाडी चालवून उतरा आणि टायरला हात लावून बघा, मग सहा का म्हणतो ते कळेल.

आता साइज. डब्ल्यू126 फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 1979 मध्ये आली आणि सेडान 1991 पर्यंत बनत राहिली. 1985 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर चौदा इंची चाकं जाऊन पंधरा इंची आली. तुमची 1989 ची, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीतली. तिची साइज 205/65 आर15, म्हणजे टायरची रुंदी 205 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची. चाक सात इंच रुंद, ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसणारी सपाटी किती बाहेर आहे ते अंतर, 25 मिमी. पंधरा भोकांचं ते सपाट अलॉय, ज्याला जर्मन लोक 'गटाराचं झाकण' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात.

आणि इथे तुमचं नशीब जोरावर आहे. भारतात टोयोटाने 2005 मध्ये इनोव्हा आणली तीच मुळी 205/65 आर15 घेऊन. त्यामुळे जर्मनीतल्या ऐंशीच्या दशकातल्या सरकारी-कॉर्पोरेट गाडीची साइज आज सांगली-मिरजेच्या टायरच्या दुकानातही मिळते. जग्वार एक्सजेवाल्यांना 205/70 आर15 साठी आणि रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो टू वाल्यांना 235/70 आर15 साठी काय काय करावं लागतं ते विचारा. ऐंशीच्या दशकातल्या काही बीएमडब्ल्यूंचे हाल तर त्याहून वाईट. त्यांच्या रिमवर 390 असा आकडा असतो. तो मिलिमीटरमध्ये आहे, त्या रिमवर फक्त मिशेलिनचा टीआरएक्स जातीचा टायर बसतो, इंचातला कुठलाच बसत नाही. तुमची साइज जिवंत आहे. ती सोडून दुसरीकडे जाण्याचं काहीच कारण नाही.

पण 'इनोव्हाचा टायर' आणि 'इनोव्हाच्या साइजचा टायर' यांत फरक आहे, तिथे टायरवाला घसरला. ही साइज आपल्याकडे खपते ती मुख्यतः टूरिस्ट गाड्यांसाठी. त्या मालकाला एकच प्रश्न असतो, टायर किती किलोमीटर जाईल. कंपन्या त्याच्यासाठी कडक, जास्त टिकणारं मिश्रण आणि जाड बाजू देतात, कारण गाडीत आठ माणसं आणि कॅरिअरवर सामान असतं. तो टायर तुमच्या गाडीला बसेल, कुठे घासणार नाही, आणि त्या गाडीचं सगळं वैभव घालवेल. डब्ल्यू126 ची मजा तिच्या तरंगण्यात आहे. जाड भिंतीचा, लाकडासारखा टायर घातलात की सांध्यावरचा प्रत्येक खटका सीटपर्यंत येतो आणि मग लोक माझ्याकडे शॉकअब बदलायला येतात.

तुम्ही वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवता. सात वर्षांत चौदा हजार. साठ हजार किलोमीटर टिकणाऱ्या टायरचे पैसे कशाला देता? तुम्हाला उलटं हवंय : मऊ मिश्रण, ओल्या रस्त्यावर पकड, शांतपणा. बऱ्याच टायरांवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे आकडा छापलेला असतो. टूरिस्टवाला मोठा आकडा शोधतो, तुम्ही लहान शोधा. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावून बघू नका, प्रत्येकाचं माप आपापलं असतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत मात्र तो आकडा खरं बोलतो. दुकानात गेल्यावर 'इनोव्हाचा दाखवा' म्हणू नका. 'ही साइज, सेडानसाठीचा कम्फर्ट टायर दाखवा' म्हणा.

ब्रँडचं नाव सांगा म्हणून सगळे मागे लागतात. मी सांगत नाही, कारण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि कालचा चांगला टायर आज त्याच नावाने वेगळाच येतो. एवढं सांगतो : नामांकित कंपनीचा मधल्या किमतीचा, गेल्या तीन-चार महिन्यांत बनलेला टायर हा त्याच कंपनीच्या सगळ्यात महागड्या पण दोन वर्षं गोदामात पडलेल्या टायरपेक्षा तुमच्यासाठी चांगला. आपल्याकडे तर यात अडचणही नसावी. सिएटचा कारखाना नाशकात, गुडइयरचा वाळूजला, ब्रिजस्टोनचा चाकणला. टायर अक्षरशः शेजारच्या तालुक्यात बनतो. ऑर्डर देतानाच सांगा की चार आकडे बघितल्याशिवाय बसवणार नाही. दुकानदार कुरकुरेल, 'साहेब, टायर दूध आहे का खराब व्हायला?' म्हणेल. त्याला हसू द्या, आकडे बघा.

टायरच्या साइजपुढे 94एच किंवा 94व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. 94 म्हणजे एका टायरला 670 किलो. भरलेली 300 एसई दोन टनांच्या आसपास जाते, चार टायर मिळून 2680 किलो पेलतात, तेव्हा इथे चिंता नाही. अक्षर वेगाचं : एस 180, टी 190, एच 210, व्ही 240. तुमच्या पुस्तिकेत व्ही असेल तर ते ऑटोबानसाठी. समृद्धीवरही मर्यादा 120 आहे. पण म्हणून टी घेऊ नका. वरच्या अक्षराचा टायर वळणावर आणि ब्रेकखाली कमी मुरडतो, त्याचा उपयोग दीडशेच्या खालीही होतो. एच किमान, व्ही मिळाला तर उत्तम.

एक प्रकार मी वारंवार बघतो म्हणून सांगून ठेवतो. एका गृहस्थांनी दुसऱ्या शहरातून अशीच 300 एसई विकत घेतली. स्पीडोमीटर जरा जास्त दाखवतो आणि गाडी उंचवट्यावर खाली घासते, अशी तक्रार घेऊन आले. टायर बघितले तर 185/65 आर15, म्हणजे डिझायरची साइज. विकणाऱ्याने स्वस्तात काम उरकलं होतं. हिशोब करा : 205/65 आर15 चा व्यास 647 मिमी, 185/65 चा 621. चार टक्के लहान. गाडी तेरा मिमी खाली बसली, इंजिन प्रत्येक किलोमीटरला जास्त फिरू लागलं आणि सात इंची रिमवर तो अरुंद टायर इतका ताणलेला की रिमची कड उघडी पडलेली. पहिल्या फुटपाथला ती कड घासली जाणार हे नक्की. त्यांची घासलेलीच होती, चारही.

आता चिरंजीवांचं सतरा इंची प्रकरण. मुलांवर रागावू नका, गाडीत रस घेतायत हे काय कमी आहे. पण त्याला दोन गोष्टी दाखवा. पहिली भिंतीची उंची. 205/65 ची बाजू 133 मिमी उंच. 225/45 आर17 ची 101. बाहेरचा व्यास साधारण तोच राहतो, पण रबराची सव्वा इंचाची गादी जाऊन तिथे धातू येतो. आपले खड्डे त्या सव्वा इंचातच मावत होते. दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून समजवायला कठीण.

या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मर्सिडीजने असं मांडलंय की स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरक्या आसाभोवती वळतं, तो आस खाली जमिनीला टेकतो नेमका टायरच्या मधोमध. त्यामुळे एका बाजूचं चाक पाण्याच्या डबक्यात गेलं, एका चाकाला ब्रेक जास्त लागला, तरी स्टिअरिंग हातातून ओढलं जात नाही. ही मांडणी त्यांनी 1972 च्या डब्ल्यू116, म्हणजे तुमच्या गाडीच्या आधीच्या पिढीपासून मोठ्या गाड्यांत आणली. पण ती चालते फक्त ठरलेल्या ऑफसेटवर. बाजारातलं सतरा इंची अलॉय ईटी (म्हणजे ऑफसेट) 35 किंवा 40 चं असतं. बोल्ट बसतात, कारण पाच बोल्ट आणि 112 मिमीचा वर्तुळाकार मेळ जुळतो. पण टायरचा मध्य आत सरकतो आणि तो आस भलतीकडे टेकतो. मग 'गाडी ब्रेकला ओढते' म्हणून कॅलिपर खोलले जातात.

याचाच एक फसवा भाऊ म्हणजे डब्ल्यू124 चं चाक. ई220 आणि ई250 डिझेल या डब्ल्यू124 गाड्या 1995 पासून आपल्या पिंपरीत जुळवल्या जात, त्यामुळे त्यांची चाकं पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात भरपूर. तीच पंधरा भोकं, तीच झिलई, मधलं भोकही तेच 66.5 मिमीचं. लांबून काही फरक कळत नाही. पण ते साडेसहा इंची आणि ऑफसेट पन्नासच्या जवळ. तुमच्या गाडीला लावलं तर प्रत्येक चाक जवळजवळ इंचभर आत जातं. घेण्याआधी चाक उलटं करा आणि मागे ओतीव अक्षरांत ईटी किती लिहिलंय ते वाचा. ग्रीस पुसावं लागेल, पुसा.

मुलाला अगदीच राहवत नसेल तर सोळा इंची, योग्य ऑफसेटची चाकं आणि 215/55 आर16. व्यास 643 मिमी, फरक एक टक्क्याच्या आत, भिंत 118. ही तडजोड मी सहन करतो. आनंदाने नाही.

मित्राच्या युरोपीय टायरांबद्दल. पिरेली, मिशेलिन या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या नक्षीचे टायर खरोखरच बनवतात आणि ते उत्तम असतात. आपल्या अपोलोने 2009 मध्ये विकत घेतलेली डच व्रेडेस्टाइनही या धंद्यात आहे. पण ते ज्यांची साइज मेली त्यांच्यासाठी. सत्तरच्या दशकातल्या जग्वारला, शॅडोला मी तेच सुचवेन, दुसरा मार्ग नाही. तुमच्यासाठी त्यात तीन काटे. एक म्हणजे 12 जून 2020 पासून टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत आहे, परवाना लागतो. वर मोटारीच्या टायरला आयएसआय चिन्ह सक्तीचं, जे असल्या छोट्या मालावर सहसा नसतं. दोन, 'कुणाच्या तरी सामानातून' आलेल्या टायरला वॉरंटी नाही, बदली नाही. आणि तिसरा खरा काटा : हे टायर थोडे थोडे बनतात, एकदा साचा लावला की दोन-तीन वर्षांचा माल काढून ठेवतात. तुमच्या दारात येईपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं असू शकतं. एवढे पैसे घालून म्हातारा टायर!

बदलायचे तर चारही बदला, आणि पाचवाही. पैशाची अडचण असेल आणि दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे. लोक उलट करतात, पुढे स्टिअरिंग आहे म्हणून नवे पुढे. ही मागच्या चाकांवर चालणारी जड गाडी आहे आणि आजच्या गाड्यांत असतं तसं घसरण सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात नाही. पुढचं चाक सरकलं तर तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता आणि गाडी सावरते. मागचं सरकलं तर खंबाटकीच्या वळणावर तुम्ही आलेल्या दिशेला तोंड करून उभे राहता.

बसवताना स्वतः उभे राहा, चहा प्यायला जाऊ नका. जुन्या अलॉयच्या आतल्या कडेला पांढरी बुरशीसारखी गंज धरलेली असते, तिथून हवा हळूहळू जाते आणि लोक वर्षानुवर्षं पंक्चर शोधत बसतात. जुना टायर उतरल्यावर ती कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. व्हॉल्व्ह चारही नवे. रबरी व्हॉल्व्ह बोटाने वाकवून बघा, मुळाशी चिरलेला असतोच, आणि हजारो रुपयांच्या टायरची हवा चाळीस रुपयांच्या व्हॉल्व्हवर अवलंबून असते. नव्या टायरवर पिवळा ठिपका दिसला तर तो व्हॉल्व्हसमोर यायला हवा, तो टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो. बॅलन्सिंगची वजनं चिकटवायची, आतल्या बाजूने.

बोल्ट हवेच्या गनने करकचून आवळू देऊ नका. हाताने लावा, शेवटी टॉर्क पान्याने 110 न्यूटन-मीटर, आणि पन्नास किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा. बोल्टवरून आठवलं. तुमची स्टेपनी अलॉय आहे की लोखंडी, ते बघा. लोखंडी चाकाची जाडी कमी, त्यामुळे त्याला आखूड बोल्ट लागतात, मर्सिडीज ते वेगळे द्यायची. एका डब्ल्यू123 या जुन्या मर्सिडीजवाल्याने कात्रजला पंक्चर झाल्यावर मागे लोखंडी स्टेपनी लावली, अलॉयचे लांब बोल्ट वापरून. बोल्टची टोकं आत गेली आणि डिस्कच्या पोटात असलेल्या हँडब्रेकच्या शूंवर घासू लागली. चाक दहा पावलं गेलं आणि भयंकर आवाज करत अडकलं. टोइंगचा खर्च टायरपेक्षा जास्त झाला. ते पाच आखूड बोल्ट टूलकिटच्या पिशवीत आहेत का, आजच बघा. बहुतेक गाड्यांत नसतात, आधीच्या कुणीतरी भंगारात घातलेले असतात.

अलाइनमेंटला मात्र नेहमीचा लेझरवाला पुरत नाही. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुमची गाडी नसते, मग तो 'जवळचं' काहीतरी निवडतो. या गाडीचा टो, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, मोजताना पुढची दोन्ही चाकं एका ताणाच्या दांड्याने बाहेर ढकलून धरायची असतात, म्हणजे रबरी बुश चालत्या गाडीत जसे दबतात तसे दबतात. दांडा कुणाकडे नसतो, पण जुना मर्सिडीज मेकॅनिक हे सांगितल्यावर काय करायचं ते समजतो. त्याआधी पुढचे बॉल जॉइंट, ब्रेक-रॉडचे बुश आणि स्टिअरिंग डँपर तपासून घ्या. टायर बदलल्यावर नव्वदला थरथर आली तर शंभरातल्या सत्तर वेळा दोष यांचा असतो, आणि उरलेल्यातला निम्मा प्रोपेलर शाफ्टच्या रबरी चकतीचा. शिवी मात्र टायरवाल्याला बसते. आणि स्टिअरिंग मधोमध थोडं सैल लागेल, ते तसंच असतं. त्या काळचा बॉल-नट स्टिअरिंग गिअरबॉक्स आहे, होंडा सिटी नाही.

नायट्रोजन भरा अथवा नका भरू, मला त्यात रस नाही. साधी हवा दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या गेजने बघा, गाडी थंड असताना. किती भरायची ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या स्टिकरवर आहे, पेट्रोलपंपावरच्या पोराच्या अंदाजावर नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा आणि दर रविवारी एक फूट पुढे-मागे करा. नाहीतर टायर खालून चपटा होतो आणि सुरुवातीचे काही किलोमीटर बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासात ती थडथड गेली तर ठीक. नाही गेली तर चपटेपणा कायमचा झाला.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. साच्यातून निघालेल्या रबरावर एक निसरडा थर असतो, तो घासून जाऊ द्या. मुहूर्त म्हणून टायरखाली लिंबू ठेवायचं असेल तर ठेवा, पण पहिल्याच दिवशी महाबळेश्वर नको.

साधारण सहा ते आठ हजारांना एक, पाच टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास बसेल. बिल आणि वॉरंटी कार्डावर टायरचे चार आकडे लिहून घ्या. आणि पेट्रोलचं झाकण उघडलंच आहे तर त्या हवेच्या स्टिकरशेजारी काळ्या मार्करने तेच चार आकडे लिहून ठेवा. पाच-सहा वर्षांनी पंपावर टाकी भरताना तुमची, नाहीतर चिरंजीवांची, नजर तिथे पडेल.